बिनडागी केळीचा हिशेब: रावेर-यावलच्या बागेत कोण काय भरतो

प्रश्न असा आहे: जळगावची केळी आता आखाती देशांत जाते, मॉलमध्ये स्टिकर लावून विकली जाते, मग जागतिक बाजाराचा खानदेशला फायदाच झाला ना? आणि तोटा होत असेल तर तो नेमका कुणाचा, कशाचा, आणि तो कमी कसा करायचा?

फायदा झाला, हे आधी मान्य करू. २०१६ मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून मानांकित केळीचा कंटेनर दुबईला गेला. निर्यातीची मागणी असते तेव्हा स्थानिक व्यापाऱ्यालाही भाव वर न्यावा लागतो, आणि रमजानच्या आधीच्या आठवड्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. पण या बाजाराची एक अट आहे आणि बहुतेक खर्च तिच्यातून निघतो. सालीवर डाग नको. गर तोच, गोडी तीच, पोषण तेच. पण फुलकिडीने सालीवर तांबूस खरबरीतपणा आणला, पान घासून काळी रेघ उमटली किंवा थंडीत चरका बसला, म्हणजे गारठ्याने साल काळवंडली, की फणी बाजूला पडते. पूर्वी ही अट फक्त निर्यातदार घालत. आता पुण्या-मुंबईची साखळी दुकाने आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपसुद्धा घालतात. म्हणून हा विषय दुबईपुरता राहिलेला नाही.

एका डझनाचा साधा हिशेब घ्या. १४० ग्रॅमचे एक केळ धरले तर डझनाचे वजन सुमारे १.७ किलो. ग्राहक ६० रुपये देतो, म्हणजे किलोला ३५. बागेत भाव किलोला १० असेल तर डझनामागे शेतकऱ्याच्या हाती १७ रुपये. मधल्या ४३ रुपयांत कापणी, पॅकिंग, वाहतूक, पिकवणी, वजनातली घट, दुकानातली नासाडी आणि नफा येतो. हे सगळेच पैसे लुटीचे असतात असे म्हणणे चुकीचे ठरेल. केळी हे नाशवंत फळ आहे आणि हाताळणीला खरोखर पैसा लागतो. पण या ६० रुपयांत भूजल, प्लॅस्टिकची विल्हेवाट आणि फवारणाऱ्याचे आरोग्य या तीन गोष्टींचा एक पैसाही धरलेला नसतो.

बिनडागी घड तयार कसा होतो ते आधी बघा. केळफूल उभे बाहेर येत असतानाच फुलकिडीसाठी कळीत कीटकनाशकाचे इंजेक्शन देतात. फण्या उघडल्या की केळांच्या टोकावरचे सुकलेले फुलोरे हाताने काढतात, शेवटच्या बारक्या फण्या छाटून आठ-नऊ ठेवतात आणि केळफूल कापतात. मग फवारणी करून घडावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी प्लॅस्टिकची पिशवी, चढवतात, आणि ती कापणीपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन महिने, अंगावर राहते. कापणीला घड जमिनीला टेकू द्यायचा नाही. फण्या वेगळ्या करून फोमवर ठेवायच्या, चीक जाईपर्यंत धुवायच्या, बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढायच्या, पिशवी घालून १३-१३.५ किलोच्या खोक्यात भरायच्या आणि १३.५ अंशांपर्यंत गार करायच्या. इतके करूनही १०० किलोतले ७०-८० किलोच खोक्यात जातात. उरलेला माल स्थानिक गाडीवर किंवा वेफर्सवाल्याकडे, पडेल त्या भावाने. (जाता जाता: कळीला इंजेक्शन दिलेले केळफूल भाजीला वापरू नका आणि गुरांनाही घालू नका. फुकट मिळते म्हणून मजुरांच्या घरी नेमके हेच जाते.)

बॅगेचे गणित कुणी मांडत नाही. घडाला पुरेल अशी बॅग दोन्ही बाजू धरून साधारण २.४ चौरस मीटर असते. २० मायक्रॉनची पॉलिथिन असो किंवा १७ ग्रॅम प्रति चौरस मीटरची न विणलेली, वजन ४० ग्रॅमच्या आसपास भरते. ६ बाय ५ फुटांवर एकरी १,४५० झाडे. म्हणजे एका हंगामात एकरी ५८ किलो प्लॅस्टिक. पांढरी न विणलेली बॅग कापडासारखी दिसते, त्यामुळे ती मातीत कुजेल असा गैरसमज आहे. ती पॉलिप्रोपिलीन आहे. उन्हाने तिचे धागे सुटतात, तुकडे होतात आणि ते मातीत मिसळतात. गोळा करणे पॉलिथिनपेक्षा अवघड. बहुतेक बागांत या बॅगा बांधावर जळतात किंवा पहिल्या पावसात नाल्याला लागतात.

करायचे एवढेच: घड कापण्याआधी बॅग वरची गाठ सोडून काढा, फाडू नका. झटकून, वाळवून, शंभराची गड्डी बांधा आणि पॉलिथिन व न विणलेली वेगळी ठेवा. मिसळलेला, मातीने आणि चिकाने माखलेला माल भंगारवाला घेत नाही, तिथेच सगळे अडते. आणि दुसरे म्हणजे, गरज नसेल तिथे बॅग लावूच नका. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो तेव्हा ती चरक्यापासून वाचवते, निर्यातीचा सौदा आधी ठरला असेल तर ती हवीच. पण माल स्थानिक व्यापाऱ्याला तोलून जाणार असेल तर तो बॅगेचे पैसे देत नाही. शेजाऱ्याने लावली म्हणून लावलेल्या बॅगा हा शुद्ध तोटा आहे.

आता पाणी. इथे जरा थांबावे लागेल, कारण खानदेशची खरी किंमत इथे आहे.

ठिबकवर केळीला हिवाळ्यात झाडामागे दिवसाला ८ ते १२ लिटर आणि एप्रिल-मेमध्ये १८ ते २२ लिटर लागते. वर्षाची सरासरी १२ लिटर आणि पाण्याचे ३३० दिवस धरले तर एका झाडाला सुमारे ४,००० लिटर. घड २२ किलोचा मिळाला तर किलोमागे १८० लिटर, तेही पावसाचे पाणी सोडून. २० टनांचा एक कंटेनर भरला की ३६ लाख लिटर भूजल गेले. १०,००० लिटरच्या टँकरने मोजायचे तर ३६० टँकर. कंटेनरच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख कुठेच नसतो.

तापी आणि सातपुडा यांच्यामधला रावेर-यावलचा पट्टा खोल गाळाचा आहे. त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, दगडगोट्यांचा झिरपणारा पट्टा आहे. सुकी, मोर, भोकर यांसारख्या नद्यांचे पाणी तिथे मुरते आणि खाली बागांच्या विहिरींना मिळते. उपसा या मुरण्याच्या पुढे गेला, विहिरींच्या जागी खोल कूपनलिका आल्या, आणि हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले.

पाणी खोल गेल्याचा अर्थ आकड्यांत असा. पाच एकर केळी, मे महिना, झाडामागे २० लिटर: दिवसाला १ लाख ४५ हजार लिटर. ५ एचपीचा पंप ५० टक्के कार्यक्षमतेने १५० फुटांवरून तासाला साधारण १५ हजार लिटर देतो, म्हणजे पावणेदहा तासांत काम होते. तेच पाणी ३०० फुटांवर गेले की तोच पंप तासाला जेमतेम ७,५०० लिटर देतो आणि १९ तासांहून जास्त लागतात. शेतीची वीज आठ तास. मग १५ एचपीचा पंप येतो, नवी केबल येते, दुसरी कूपनलिका येते. खोलीच्या या शर्यतीत मोठा बागाईतदार टिकतो. दोन एकरवाला कर्ज काढून आणखी खोल जातो किंवा केळी सोडतो. आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर याच थरातून पाणी घेते, तिच्यासाठी कुणी नवा पंप आणत नाही.

ठिबकने पाणी वाचले की नाही, हा वाद नेहमी होतो. एकरी वाचले, यात शंका नाही. तालुक्याचे वाचले नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर केळीखाली आले, जे पूर्वी ज्वारी-कापसाचे होते. शिवाय सरीने मोकळे पाणी देताना जादा पाण्याचा काही भाग गाळातून परत खाली मुरायचा. म्हणजे कागदावरची सगळी बचत खरी बचत नव्हतीच. ठिबक चांगलेच आहे, पण क्षेत्राला लगाम नसेल तर ते भूजल वाचवत नाही.

बागेच्या पातळीवर काय करता येते? आधी मोजा. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरखाली तीन मिनिटे भांडे ठेवा. २०० मिली भरले पाहिजे. नळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन्हीकडे बघा. फरक १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर नळ्या धुवा, क्षार असतील तर आम्ल प्रक्रिया करा. असे असताना लोक शेवटच्या झाडाला पुरावे म्हणून पंप तासभर जादा चालवतात आणि पुढच्या निम्म्या बागेत पाणी मुळांखाली जाते. झाडामागे दोन ड्रीपर असतील तर २० लिटरला अडीच तास पुरतात. वाळकी पाने बुंध्याभोवती पसरून ठेवली तर उन्हाळ्यात वाफसा जास्त टिकतो. फक्त करपा रोगाची पाने वेगळी काढून कंपोस्टला टाका.

पुनर्भरणात एक चूक फार घातक आहे. शेतातून वाहणारे पावसाचे पाणी थेट कूपनलिकेत सोडू नका. त्यात माती, खत आणि कीटकनाशक असते. कूपनलिका म्हणजे ते सरळ पिण्याच्या थरात पोचवणारी नळी. गाळ आधी एका खड्ड्यात बसू द्या, मग मोठे दगड, गोटी आणि वर जाड वाळू अशा थरांतून पाणी जाऊ द्या, आणि वाळूचा वरचा थर दर पावसाळ्याआधी बदला. केळीच्या शेतातले पाणी तर नकोच, पडीक माळाचे किंवा छपराचे घ्या. नदीपात्रात पायथ्याच्या पट्ट्यात पाणी अडवून मुरवणे याहून कितीतरी परिणामकारक, पण ते एकट्याचे नाही, गावाचे काम आहे.

खताचा मामला पाण्याला जोडलेलाच आहे. शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश अशी आहे. १,४५० झाडांना २९० किलो नत्र, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या १४ गोण्या. २९० किलो पालाश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या सुमारे १० गोण्या. भारतात पोटॅश जवळपास पूर्णपणे बाहेरून येते. रशिया-युक्रेन युद्ध पेटले त्या २०२२ मध्ये एका गोणीचा भाव १,७०० रुपयांवर गेला, आणि तिकडच्या लढाईचे पैसे इकडच्या बागाईतदाराने भरले. म्हणून खोड बांधावर फेकणे परवडत नाही. एकरी १,४५० खोडे, प्रत्येकी २० किलो धरले तरी २९ टन ओला पालापाचोळा, आणि त्यात पोटॅश भरपूर. तुकडे करून दोन ओळींमध्ये कुजवा आणि पुढच्या पिकाचा डोस माती परीक्षणावरून कमी करा.

जादा युरिया मात्र कुजत नाही, पाण्याबरोबर खाली जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेले पाणी सहा महिन्यांआतल्या बाळाला धोक्याचे, आणि उकळल्याने ते कमी होत नाही, उलट आटल्यामुळे वाढते. युरिया महिन्याला एकदा मोठ्या मात्रेत न देता दर आठवड्याला ठिबकमधून थोडा थोडा द्या. खत सोडल्यावर नळ्या धुण्यापुरतेच पाणी चालवा. ठिबकमधून देताना शिफारशीच्या ७५ टक्के मात्रेवर पीक येते. बाग असलेल्या गावात पिण्याच्या विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्यावे.

माणसांचे बोलू. या बागांत घड वाहणारे, फवारणारे, पिल (बुंध्याजवळ फुटणारे नवे कोंब) काढणारे बहुतेक जण सातपुड्यातले पावरा, बारेला, भिल्ल किंवा तडवी कुटुंबांतले आणि गावातले भूमिहीन. २० टनांची गाडी म्हणजे २२ किलोचे ९०० घड. दहा जणांची टोळी असेल तर प्रत्येकाच्या डोक्या-खांद्यावरून दोन टन माल जातो, चिखलातून, पाण्याच्या नळ्या चुकवत. मजुरी बहुधा गाडीवर किंवा वजनावर ठरते, त्यामुळे थांबायला कुणी तयार नसतो. लागवडीच्या वेळीच दर सोळाव्या ओळीची जागा मोकळी सोडली तर १२ फुटांचा रस्ता मिळतो, झाडे सहा टक्के कमी होतात आणि घड वाहण्याचे अंतर एकदम घटते. घासले न गेलेल्या फण्यांत ही तूट बरीचशी भरून निघते.

फवारणीबद्दल एक विसंगती लक्षात घ्या. फळावर कीटकनाशकाचा अंश किती, याची तपासणी होते, कारण खरेदीदार ती मागतो. क्लोरपायरीफॉसची मंजुरी युरोपीय संघाने २०२० मध्ये संपवली, तेव्हा तिकडे जाणाऱ्या मालात त्याचा अंश दिसला तर माल परत येतो. फवारणाऱ्याच्या अंगात किती गेले हे कुणी तपासत नाही. केळीची बाग बंद खोलीसारखी असते: वारा नाही, दमटपणा, पाने डोक्याच्या वर, आणि घडावर मारायचे म्हणून नोझल वर धरलेले. औषध सगळे तोंडावर आणि मानेवर येते. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की उलट औषध धरून ठेवतो. वाफ रोखणारा मास्क, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, फवारणी सकाळीच, वाऱ्याकडे पाठ, आणि पुढचे २४ तास त्या भागात पिल काढणी नाही. कमीत कमी दोन जण हवेत. बाहुल्या बारीक होणे, लाळ, घाम, उलटी, स्नायू फडफडणे दिसले की कपडे काढून साबणाने धुवा आणि डब्याचे लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा. लिंबू-ताकात वेळ घालवू नका, लेबलशिवाय जाऊ नका. डॉक्टरला औषधाचा गट कळला तरच योग्य उतारा देता येतो. साहित्याचा खर्च मालकाचा. तो ‘ठेक्यात धरला आहे’ हे उत्तर चालणार नाही.

भावाची जोखीमही खालीच उतरते. केळीला हमीभाव नाही. घड तयार झाला की आठ-दहा दिवसांत कापावाच लागतो, तो साठवता येत नाही. आखातात तणाव झाला, जहाजाला जागा मिळाली नाही, की निर्यातदार खरेदी थांबवतो, तोच माल स्थानिक बाजारात लोटला जातो आणि ज्याने कधी निर्यात केली नाही त्याचाही भाव पडतो. एकाच वर्षात क्विंटलला दोन हजारांच्या वरचा आणि पाचशेच्या आतला असे दोन्ही भाव लागू शकतात. सौद्यात म्हणून भावाआधी हे लिहून घ्या: कापणीची तारीख, बाजूला काढलेला माल कोणाचा आणि कोणत्या भावाने, दांड्याची वजावट किती, आणि बॅग-फुलोऱ्याचा खर्च कोणाचा. तोंडी सौद्यात पडत्या भावाच्या दिवशी ‘डाग’ अचानक वाढतात.

एकसारख्या फळाच्या हट्टाचा शेवटचा धोका वाणाचा आहे. पूर्वी बसराई, श्रीमंती होती, आता सगळीकडे ऊतिसंवर्धित ग्रँड नैन, म्हणजे जी-९. ही सगळी कॅव्हेंडिश गटातलीच, आणि जी-९ ची रोपे तर एकमेकांची तंतोतंत प्रत. लॅटिन अमेरिकेतल्या निर्यातीच्या ग्रो मिशेल जातीला पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपवले आणि तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता कॅव्हेंडिशला मारणारा त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार फिरतो आहे. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोचला, आणि भारतात बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. बुरशी मातीत दशकानुदशके राहते, फवारणीने जात नाही. खालची पाने कडेने पिवळी पडून मोडली, बुंधा उभा चिरला आणि खोड कापल्यावर तांबूस-तपकिरी धागे दिसले, तर त्या झाडाची माती कुठेही हलवू नका, पाणी बंद करा, कृषी विद्यापीठाला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला कळवा. परराज्यातून आलेली गाडी बागेत घेऊ नका, रस्त्यावरच भरा. बाहेरचे मुनवे, म्हणजे लागवडीसाठीचे कोंब, तर अजिबात नकोत. हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू) हा रोग, याहून वेगळा: त्यात कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे येतात, मावा तो पसरवतो, म्हणून बागेत आणि बांधाला काकडी-भोपळा-मिरची टाळायची आणि रोगट रोप दिसताच उपटून पुरायचे.

ग्राहकाच्या हातात काय आहे? जेवढे वाटते त्याहून जास्त, पण एकेकट्याने नाही. सोसायटी, वसतिगृह, कॅन्टीन किंवा मंगल कार्यालय एकत्र खरेदी करत असेल तर मागणीपत्रात सरळ लिहा: सालीवरचा खरबरीतपणा, घासल्याच्या रेघा आणि चरक्याचे डाग चालतील, चेंगरलेली, देठ तुटलेली, साल फाटलेली आणि बुरशी आलेली चालणार नाही. पिशवी, स्टिकर, फोम नको. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये द्या, क्रेट परत नेला जाईल. पिकवणी इथिलीनच्या खोलीतली हवी. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. भाव पहिल्या प्रतीपेक्षा दोन-तीन रुपये कमी ठरवा, पण वेफर्सच्या भावाने मागू नका, नाहीतर शेतकऱ्याला तो माल वेगळा काढणे परवडत नाही. आणि आणलेली केळी फ्रीजमध्ये ठेवू नका: १३ अंशांखाली साल काळी पडते, आत गर चांगला असतो, आणि घरातली बरीच केळी याच गैरसमजाने कचऱ्यात जातात.